झोका, झोक आणि रानडुक्कर

परवा व्हिडिओवर तुम्ही दोघांनी मला नव्या घरातलं पुस्तकांचं कपाट दाखवलंत. मधली फळी भाराने खाली आली होती. मी म्हटलं, "हे सॅगिंग झालं. मधे एक टेकू द्या. टेकूच्या वर हॉगिंग येईल, पण फळी वाचेल." तुम्ही दोघं हसत सुटलात. आजीने जन्मभर इंग्रजी शिकवलं, हे कुठून शिकली, असं तुमच्या आईने मागून विचारलेलंही मला ऐकू आलं. फोनवर सांगण्याजोगी ती गोष्ट नव्हती, म्हणून लिहून पाठवते. क्रमाने सांगते. माझी सवय तुम्हाला माहीत आहे.

आपल्या चंद्रपूरच्या घराच्या पुढच्या छपरीत बंगई आहे, तिच्यावर तुम्ही लहानपणी दुपारभर उधम मांडायचात. पुण्याकडचे लोक तिला झोपाळा म्हणतात, म्हणोत. आजोबांनी ती सागवानी तुळईला टांगली तेव्हा सुतार म्हणाला होता की घर जाईल पण तुळई जाणार नाही. बंगईची फळी दोन्ही बाजूंनी साखळ्यांच्या जराशी बाहेर आलेली आहे. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सकाळी फळीवरची, खाणींकडून उडून येणारी कोळशाची काळी भुकटी पुसायची, मग पेपर वाचायचा. संध्याकाळी पुन्हा पुसायची, मग बुद्धवंदना, मग चहा. निवृत्तीनंतरचा माझा हा क्रम. पलीकडच्या गल्लीत आदिवासी मुलींचं सरकारी होस्टेल आहे. कॉलेजातून परतणाऱ्या मुली आपल्या फाटकावरून जातात. त्यांतली एक जण थंडी ओसरत असताना एका संध्याकाळी फाटकाशी थांबली आणि तिथूनच म्हणाली, "मॅडम, तुमी इंग्लिशच्या मॅडम होत्या ना?"

मी होय म्हटलं. ती आत आली, चपला पायरीखाली नीट जोडून ठेवल्या. तेवढ्यावरच मला ती आवडली. तिच्या हातात एका प्रश्नपत्रिकेची झेरॉक्स होती. तिने एका ओळीवर बोट ठेवलं आणि याचा अर्थ काय, एवढंच विचारलं. ओळीचा शेवट होता 'हेन्स डिड्यूस दॅट'. मी सांगितलं, "हेन्स म्हणजे यावरून. डिड्यूस म्हणजे अनुमान काढ. आधी जे उत्तर आलं, त्याच्यातूनच पुढची गोष्ट काढून दाखव."

तिने ती ओळ बोटाने पुन्हा वाचली. मग म्हणाली, "म्हणजे अजून एक काम सांगून राह्यला तो पेपर काढणारा. मले वाटलं, संपलं म्हणते."

तिची हकीगत त्या दिवशी अशी कळली. ती धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गावची. घरी गोंडी बोलत. शाळा बारावीपर्यंत मराठीतून झाली. गणितात ती पहिली यायची, म्हणून इंजिनिअरिंगला लागली, आणि तिथे सगळं इंग्रजीतून. पहिलं वर्ष कसंबसं निघालं. दुसऱ्या वर्षाचे दोन पेपर राहिले: एक गणिताचा, ज्याच्यात फूरिए होता, आणि एक स्ट्रक्चरल मेकॅनिक्सचा, म्हणजे तुळया, भार आणि टेकू यांचा. दोन्ही तिने दोनदा दिले आणि दोन्ही दोनदा गेले. आता उन्हाळ्यात शेवटची संधी होती. दोघांपैकी एकही राहिला तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही तर होस्टेलची खोली नाही. खोली गेली की परत गावी. बापाने तसं सांगूनच ठेवलं होतं. रागाने नाही; म्हणाला होता, "नाई झालं तं घर आहेच माय." तिला त्या घराची लाज नव्हती, ओढच होती. पण तिला असं परत जायचं नव्हतं.

मी म्हटलं, "बेटा, मला इंग्रजी येतं. गणित मॅट्रिकला सुटलं, ते सुटलंच." ती म्हणाली, "गणित मले येते. मले प्रश्न येत नाई."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. माझे वडील अगदी साधे नोकरदार. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातले. त्यांनी मला नागपूरला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा भावकीतल्यांनी विचारलं होतं, पोरीला कशाला. वडील म्हणाले होते, आपला कागद आपण वाचावा, दुसऱ्याकडून वाचून घ्यायची पाळी येऊ नये. मी त्या पोरीला म्हटलं, रोज संध्याकाळी ये. मी प्रश्न सोडवणार नाही. प्रश्न वाचायचा कसा, तेवढं आपण बघू.

दुसऱ्या दिवसापासून आमचा वर्ग बंगईवर भरू लागला. एका साखळीशी मी, एका साखळीशी ती, मधे पुस्तकं. इंग्रजी व्याकरणात मी जन्मभर एक नियम शिकवला, तोच तिला पहिल्या दिवशी सांगितला: वाक्य कितीही लांब असो, आधी क्रियापद शोध. क्रियापद सापडलं की मालक सापडला. बाकी सगळी त्याची माणसं. तिने जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या आणि आम्ही नुसती क्रियापदं अधोरेखित करत सुटलो. डिटर्मिन. ड्रॉ. स्टेट. शो. एक्स्प्रेस. मग उलगडलं की 'स्टेट' आलं की ती आकृती काढायची आणि 'ड्रॉ' आलं की व्याख्या लिहायची, कारण सरांनी वर्गात त्या प्रकरणाला जे केलं तेच ती करत होती. प्रश्न ती वाचतच नव्हती. तोंडवळ्यावरून ओळखत होती. गर्दीत आपला माणूस ओळखावा तसा.

पण सगळं एकतर्फी होतं असं समजू नका. एकदा 'ऑड फंक्शन' आलं. मी म्हटलं, ऑड म्हणजे विचित्र, चमत्कारिक. ती इतकी हसली की बंगई हलायला लागली. "नाई बाई, ऑड म्हणजे विषम. त्यात विचित्र काय आहे?" तोवर मी मॅडमची बाई झाले होते, हे मला त्या हसण्यातच कळलं. मग तिनेच विचारलं, 'ईव्हन' म्हणजे तर 'सुद्धा' ना? 'इट इज ईव्हन' म्हणजे 'ते आहे सुद्धा'? आता हसायची पाळी माझी होती. ईव्हन म्हणजे सम, मी म्हटलं, तूच आता विषम सांगितलंस, तर जोडीला सम नको का?

ती एकदम गंभीर झाली. म्हणाली, सम असेल तर अर्धं गणित करायचंच नसते. मधल्या पायऱ्या शून्य येतात, हे तिला ठाऊक होतं. पण पेपरात लिहिलेलं असे की फलन, म्हणजे ते फंक्शन, सम आहे, आणि ती त्या शब्दाचा अर्थ 'सुद्धा' लावून पुढे जाई, पानभर गणित करी, शेवटी शून्य आलं की आपलंच चुकलं म्हणून खोडी आणि पुन्हा करी. दोन्ही वेळेस पेपर त्यातच संपला होता. तिने बंगईला पायाने एक झोका दिला. मग एवढंच म्हणाली, "पेपर काढणारा तं मदत करून राह्यला होता मले."

फूरिए काय आहे हे मी तिलाच विचारलं, कारण ज्या वाक्याचा विषय कळत नाही त्याचं व्याकरण कशाला करायचं. शिवाय मी तिला आधी उच्चारावरून छळलं होतं. ती फोरियर म्हणायची, मी म्हटलं नाव फ्रेंच आहे, शेवटचा र उच्चारत नाहीत, फूरिए म्हण. ती म्हणाली, "तसं म्हटलं तं आमच्या सरांना समजणार नाई बाई." मी तो हट्ट सोडला.

तिने मला असं समजावलं. पुन्हा पुन्हा येणारी कुठलीही हालचाल घ्या, कितीही खडबडीत, दातेरी, वेडीवाकडी. ती साध्या, गुळगुळीत झोक्यांची बेरीज म्हणून लिहिता येते. एक मोठा सावकाश झोका. त्याच्यावर दुप्पट वेगाचा लहान झोका. त्याच्यावर तिप्पट वेगाचा. असे झोके मिळवत गेलं की तो खडबडीत आकार तयार होतो. आणि उलटं जायचं, म्हणजे खडबडीत आकार हातात घेऊन त्यातले झोके वेगळे काढायचे, त्याला फूरिए अॅनालिसिस म्हणतात. हे सांगताना ती बंगईला झोका देत होती आणि मधे मधे हाताने फळीवर ताल धरत होती. मोठा झोका, त्याच्यात दोन थापा, मग तीन.

मी तिला थांबवलं आणि आत जाऊन माझं जुनं व्याकरणाचं पुस्तक आणलं. त्यातल्या एका प्रकरणाचं नाव तिला दाखवलं. अॅनालिसिस ऑफ सेंटेन्सेस. वाक्यपृथक्करण. लांबलचक, गुंतागुंतीचं वाक्य घ्यायचं आणि त्यातली साधी वाक्यं सुटी करायची. आधी मुख्य वाक्य. मग त्याच्यावर टेकलेली उपवाक्यं, एकेक करून. मी म्हटलं, बेटा, मी अडतीस वर्षं... नाही, वर्षं राहू दे, मी जन्मभर हेच शिकवलं आणि मला ठाऊक नव्हतं की झोक्यांचंही करतात.

ती पुस्तकाचं ते पान वाचत होती. म्हणाली, "मुख्य वाक्य म्हणजे मोठा झोका."

"आणि सम फलनात साइनचं उपवाक्यच नसतं," मी म्हटलं, "ते शोधत बसायचं नाही." साइन हा तिच्याकडूनच ऐकलेला शब्द, त्याचा अर्थ मला आजही धड सांगता येणार नाही. पण वाक्य बरोबर होतं, तिने मान डोलावली.

फूरिएच्या प्रकरणात आम्हाला खरी मजा आली. 'हेन्स डिड्यूस' तिला आता भीती घालत नव्हतं. एका गणितात तर शेवटी अशी गोष्ट निघाली की एक, अधिक एक चतुर्थांश, अधिक एक नवमांश, अशी कधीच न संपणारी बेरीज करत गेलं तर उत्तरात वर्तुळाचा 'पाय', म्हणजे परिघ आणि व्यासाचं ते गुणोत्तर, येतो. मी तिला दोनदा विचारलं की यात वर्तुळ कुठून आलं. तिने खांदे उडवले. म्हणाली, "झोक्यात असते ना बाई, घुमून येणं." मला ते पुरलं.

मग आला मेकॅनिक्सचा विषय, आणि तिथे आम्ही दोघी मिळून खड्ड्यात पडलो.

सुरुवात बरी झाली. 'सिंपली सपोर्टेड बीम' म्हणजे सोपा बीम असं ती धरून होती. "सोपा आहे म्हणते, अन् मलेच कठीण जाऊन राह्यला, म्हणून अजूनच खराब वाटे." मी सांगितलं, सिंपली म्हणजे नुसता. दोन टेकूंवर नुसता ठेवलेला, कुठे जखडलेला नाही. ती लगेच सावरली. मग 'बीएम' आलं. कॉलेजात सगळे बीएमच म्हणतात, पूर्ण शब्द कोणी उच्चारत नाही. मी विचारलं, पूर्ण काय? तिने सांगितलं, बेंडिंग मोमेंट.

मी इंग्रजीची एम.ए. बेंडिंग म्हणजे वाकणं, मोमेंट म्हणजे क्षण. मी ठामपणे म्हटलं, वाकण्याचा क्षण. ती म्हणाली, मलेही तेच वाटत होतं. दोघींचं एकमत झालं की चूक फार दिवस टिकते, हे मी त्या वेळी शिकले. आम्ही त्या अर्थाने बरीच गणितं वाचून काढली. आकडे तिचे बरोबर यायचे, कारण रीत तिला पाठ होती. पण नवं काही आलं की आम्ही दोघी त्या प्रश्नात वेळ शोधायचो. तुळई कधी वाकणार? घड्याळ कुठे दिलं आहे? एका संध्याकाळी तर मी मान वर करून आमच्या सागवानी तुळईकडेच बघत बसले होते, जणू आमच्या देखत तिचा क्षण येणार.

थोरल्या, तुला आठवत असेल, तेव्हाच तुला आम्ही एका प्रश्नाचा फोटो पाठवला होता. तू तासाभरात पानभर उत्तर पाठवलंस आणि खाली लिहिलंस की हे अगदी सोपं आहे. पोरीने ते लक्ष देऊन वाचलं. म्हणाली, "दादा हुशार आहे बाई. उत्तर सांगितलं, रस्ता नाई सांगितला." तुला तेव्हा कळवलं नाही. आता कळवते.

चूक उघडी पडली ती एका विशेषणामुळे. प्रश्नात होतं, बेंडिंग मोमेंट जास्तीत जास्त कुठे आहे ते काढा. मी अडखळले. क्षण जास्तीत जास्त कसा असेल? क्षण शेवटचा असतो, नाजूक असतो, आनंदाचा असतो. मोठा क्षण नसतो, आणि 'कुठे' तर मुळीच नसतो. विशेषण नामाला लागत नसेल तर नाम चुकीचं धरलं आहे, हे मी मुलांना किती वेळा सांगितलं असेल. मी जाडा शब्दकोश आणून मांडीवर घेतला. मोमेंट: पहिला अर्थ क्षण. दुसरा अर्थ महत्त्व, वजन. 'अ मॅटर ऑफ ग्रेट मोमेंट', हे तर मी स्वतः शिकवलेलं. आणि त्याखाली, बारीक अक्षरात, यंत्रशास्त्रातला अर्थ. अक्षर वाचण्यासाठी उजेड हवा म्हणून मी फळीच्या टोकाकडे, साखळीच्या बाहेर, सरकले.

"बाई, तिकडे नका सरकू," ती ओरडली नाही, पण फळी घट्ट धरली, "झोक जाते."

मी जागची हलले नाही. विचारलं, काय म्हणालीस?

"झोक जाते म्हटलं. तुमी मधे बसल्या तं काही नाई, तिकडे बसल्या तं फळी पलटते."

"माझं वजन वाढलं का?"

"वजन तेच. दूर गेल्या ना तुमी."

मी शब्दकोशातली ती बारीक ओळ तिला वाचून दाखवली. एखादा भार एखाद्या बिंदूभोवती वस्तूला किती फिरवू पाहतो, त्याचं माप. भार तोच, पण जितका दूर तितकं ते जास्त. ती माझ्याकडे बघत राहिली, मग साखळीकडे, मग फळीच्या टोकाकडे. "झोक," ती म्हणाली. "मोमेंट म्हणजे झोक. क्षण नाई." रीत तिला पाठच होती, भाराला अंतराने गुणायचं, का गुणायचं ते आता कळलं. पुस्तकी मराठीत याला आघूर्ण म्हणतात, ते मला नंतर कळलं. आम्हाला त्याची गरज पडली नाही. तिने पुस्तकाच्या समासात जिथे जिथे बीएम होतं तिथे पेन्सिलीने 'झोक' लिहिलं, आणि त्या संध्याकाळी एकामागून एक अशी गणितं केली की मी वंदनेला उठले तरी तिने मान वर केली नाही.

उरले दोन शब्द, सॅगिंग आणि हॉगिंग. सॅगिंग सोपं होतं, खाटेचा सुंभ सैल झाला की मधे पडते ती झोळी. हॉगिंगला मी जरा थांबले. हॉग म्हणजे डुक्कर, मी भीतभीत म्हटलं. क्षणाचा अनुभव ताजा होता. शब्दकोश उघडला तर खरंच डुकराचाच शब्द निघाला, डुकराच्या पाठीसारखं वर आलेलं. माझं डुक्कर म्हणजे चित्रातलं. तिचं तसं नव्हतं. तिच्या गावी धान पोटरीत आलं की रानडुकरं शेतांच्या बांध्यांत उतरतात, आणि सगळं घर माळ्यावर राखणीला जातं. तिने दोन्ही हातांनी मला ती पाठ काढून दाखवली: केस उभे झालेली, मधे उंच, दोन्हीकडे उतरती. मग हात फळीवर साखळीपाशी ठेवला. "तुमी त्या टोकाला बसल्या होत्या ना, तेव्हा इथी डुक्कर होतं."

उन्हाळा चढला आणि ती दुपारीही येऊ लागली. कूलर लावून आम्ही छपरीतून आतल्या खोलीत आलो, पण तिला बंगईशिवाय झोक सुचत नसे, म्हणून संध्याकाळी पुन्हा बाहेर. धानोऱ्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला होता. त्या दिवसांत घरातल्या सगळ्यांना पहाटे जंगलात जावं लागतं, आणि तिच्या घरी एक माणूस कमी पडत होतं ते म्हणजे तीच. आईचा फोन आला की ती फाटकापाशी जाऊन गोंडीत बोलायची आणि परत येऊन काही वेळ काही लिहायची नाही. मी विचारलं नाही. एकदा आपणहून म्हणाली, आई म्हणते की पत्ता आम्ही तोडतो, तू तुझा पेपर तोड.

गणिताचा पेपर बरा गेला, एवढंच तिने येऊन सांगितलं. क्रियापदं सगळी सापडली होती. मेकॅनिक्सच्या दिवशी मी सकाळपासून बंगईची तीच फळी पुसत होते. माझ्या हातात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. दुपार उलटल्यावर ती रस्त्यावरूनच येताना दिसली. फाटक उघडायच्या आधीच तिने आवाज दिला, "बाई, डुक्कर आलं होतं."

बाजूच्या काकू अंगणात पापड वाळत घालत होत्या. त्या ताट घेऊन उभ्याच राहिल्या. "कुठी आलं वो डुक्कर?"

"पेपरात, काकू."

"पेपरात आलं म्हणजे कालच आलं असंल," काकू म्हणाल्या. "वाघाचं तं रोजच येते पेपरात. आता डुक्करही सुटलं का गावात?" आणि त्यांनी आत जाऊन मागचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. आपल्या गावात हे काही वेडेपण नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही दोघी तोंडावर पदर आणि ओढणी घेऊन हसलो. नंतर मी जाऊन त्यांना समजावलं. त्यांचा विश्वास बसला की नाही, सांगता येत नाही. त्या संध्याकाळी त्यांनी अंगणातला दिवा जळताच ठेवला.

प्रश्न होता टेकूंच्या बाहेर गेलेल्या तुळईचा, अगदी आपल्या फळीसारखा. झोक कुठे जास्तीत जास्त, डुक्कर कुठे संपतं आणि झोळी कुठे सुरू होते, ते विचारलं होतं. तिने सगळं लिहिलं होतं. पण बरोबर आलं का, हे तिलाही सांगता येत नव्हतं, मला तर त्याहून नाही. मग ती गावी गेली. तेंदूचे शेवटचे दिवस तिला मिळाले.

निकाल लागेपर्यंत पाऊस सुरू झाला. धानोऱ्याच्या पलीकडे फोनला रेंज कधी असते, कधी नसते, आणि होस्टेलवर कपडे घेऊन यायचं की सामान न्यायला यायचं हे निकालावर ठरणार होतं. म्हणून ती एक लहान पिशवी घेऊन बसने आली आणि आधी होस्टेलवर न जाता इथे आली. आईने तिच्यासोबत चारोळीची पुरचुंडी पाठवली होती. ती तिने बंगईवर ठेवली आणि फोन माझ्यापुढे धरला. निकालाचं पान उघडलेलं होतं. बसमध्येच उघडलं होतं तिने. पण फोन उलटा करून मांडीवर ठेवून आली होती.

"तुमी वाचा बाई. इंग्लिश आहे."

मी चष्मा शोधण्यासाठी हात पुढे केला आणि मागे घेतला. मला माझे वडील आठवले. मी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि म्हटलं, "तुझा कागद आहे. तूच वाच. आधी क्रियापद शोध."

ती फळीच्या मधोमध बसली, जिथे झोक जात नाही. स्क्रीनवरून बोट सरकवत गेली. नाव, नंबर, कॉलेज, विषय, हे सगळं तिने पुटपुटत ओलांडलं, माझ्याच शिकवणीप्रमाणे, जणू ती सारी उपवाक्यं होती. मग बोट थांबलं. ते जरा खाली गेलं आणि पुन्हा थांबलं. बंगई पार स्थिर होती.

"पास," ती म्हणाली. मग फोन माझ्याकडे न देता तिने पुन्हा वर जाऊन वाचलं आणि खाली येऊन वाचलं. "बाई, दोन्हीकडे तेच क्रियापद आहे."